काळ्या पाण्याचा हिशोब ठेवणारी आपली लेक

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गोष्टी’ या कार्यक्रमात झालेले भाषण)

स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या, आणि गटाच्या बैठकीत मोबाईल मध्ये ठेवून एकत्र ऐकणाऱ्या सगळ्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

मागच्या वेळी शेळीपालनावर बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, की पुढच्या वेळी मुलींच्या शिक्षणावर बोलाल का? नर्सिंग आणि डीएड आम्हाला माहीत आहे, त्याच्या पलीकडचं काही सांगा. म्हणून आज एका वेगळ्या वाटेबद्दल बोलणार आहोत. कारखान्यातून बाहेर पडणारं घाण पाणी आणि धूर तपासायचा, तो कमी कसा करायचा हे शोधायचं, असं हे काम. त्याला पर्यावरण संशोधन म्हणतात. हे काम काय असतं ते आम्हालाही माहीत नव्हतं. आमच्या एका विहिरीनं ते शिकवलं.

आमचा भाग उसाचा. कारखान्याचा बॉयलर पेटला की गावात पैसा फिरतो. आमच्या गटातल्या १२ जणींपैकी पाच जणींच्या घरचं कुणी ना कुणी कारखान्यात कामाला आहे. ऊसही तिथंच जातो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते कारखान्याशी भांडण म्हणून नाही. नावही घेणार नाही, कारण प्रश्न एका नावाचा नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात, होळीच्या सुमाराला, ओढ्याकाठच्या एका काकूंच्या विहिरीचं पाणी बदललं. आधी फिकट पिवळं झालं, मग चहासारखं तांबूस. वासही यायला लागला. म्हशीनं तोंड लावलं नाही. पांढरी कापडं धुतली तर पिवळी पडली. शेजारच्या दोन विहिरींनाही तोच रंग. काकू रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन अर्धा किलोमीटर चालायला लागल्या.

आम्ही सात-आठ जणी कारखान्यावर गेलो. साहेब नीट बोलले, चहाही दिला. पण म्हणाले, “ताई, हे पाणी आमचंच कशावरून? पुरावा आणा.” आम्ही म्हटलं, आणतो पुरावा. थंड पेयाची रिकामी बाटली धुतली, विहिरीचं पाणी भरलं, पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं जिल्ह्याच्या गावाला गेलो. उन्हाचे दिवस, गाडी उशिरा. प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

तिथल्या माणसानं बाटलीकडे बघितलं आणि नमुना घ्यायला नकार दिला. म्हणाला, “हे चालणार नाही.” आम्हाला फार अपमान वाटला. एवढ्या लांबून आलो, एका दिवसाचा रोज बुडवला, आणि हा बाटलीला हातसुद्धा लावत नाही!

पांढरा कोट घातलेली एक बाई आतून हे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि आम्हाला बाकावर बसवलं. म्हणाल्या, “तुमची तक्रार खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. पण बाटलीत आधी साखरेचं पेय होतं. पाणी काल भरलंय, बर्फात ठेवलेलं नाही, बाटलीत वर हवा राहिली आहे. कुठून, किती वाजता भरलं ते लिहिलेलं नाही. उद्या कुणी विचारलं, की ही साखर बाटलीतली की विहिरीतली, तर काय सांगाल?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी पाणी कसं भरायचं ते शिकवलं. स्वच्छ बाटली घ्यायची. आधी त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. झाकण घट्ट. वर चिठ्ठी: जागा, तारीख, वेळ, भरणाऱ्याचं नाव. बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि लवकरात लवकर, २४ तासांच्या आत पोचवायची. पाण्यातले जंतू तपासायचे असतील तर बाटली वेगळी, ती निर्जंतुक केलेली लागते आणि प्रयोगशाळेतूनच आणायची.

काकूंची मुलगी आमच्याबरोबर होती. तेव्हा बारावी सायन्सला. बाटली तिच्याच हातात होती. सगळं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “ताई, तुमचं काम करायला काय शिकावं लागतं?” आमच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचा प्रश्न हाच निघाला.

चार दिवसांनी नीट भरलेला नमुना दिला. अहवाल आला, पण तो वाचता येईना. आमच्यात सगळ्यात जास्त शिकलेली म्हणजे बीए. बीओडी, सीओडी, पीएच, समोर आकडे. तो कागद घेऊन आम्ही सगळीकडे फिरलो आणि जो तो आपल्या सोयीचा अर्थ सांगत होता. तेव्हा कळलं, की कागद मिळाला तरी तो वाचणारं माणूस आपलं असावं लागतं.

आता ते आकडे काय असतात ते आमच्या भाषेत सांगतो.

पाण्यात गुळाचा खडा टाकला तर काय होतं? डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात. खाताना त्यांनाही श्वास लागतो, आणि ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. गूळ थोडा असेल तर थोडा ऑक्सिजन जातो. गूळ खूप असेल तर सगळा ऑक्सिजन संपतो, मासे मरतात आणि पाणी सडून वास मारायला लागतं. पाण्यातली ही ऑक्सिजनची भूक म्हणजे बीओडी. ती मोजायला बाटली २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात आणि आधी किती ऑक्सिजन होता, नंतर किती उरला, ते बघतात.

आपल्या घरांच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडायचं तर तो साधारण ३० च्या आत लागतो. आणि डिस्टिलरीतून निघणारं काळं पाणी, ज्याला स्पेंट वॉश म्हणतात, त्याचा बीओडी ४० ते ५० हजार असू शकतो! साखर काढून उरलेल्या मोलॅसिसपासून अल्कोहोल करतात, त्यातून हे पाणी निघतं. एक लिटर अल्कोहोलमागे ते ८ ते १५ लिटर निघू शकतं. ते आंबट असतं, गरम असतं आणि त्याचा रंग सहज जात नाही. साठवायच्या तळ्याला खालून अस्तर नीट नसेल तर ते मुरतं आणि मुरत मुरत विहिरीला जातं.

यावर उपाय नाहीत असं नाही. पहिला उपाय आपल्या ओळखीचा आहे, गोबर गॅस! शेणाचा काला बंद टाकीत ठेवला की गॅस मिळतो, तसंच स्पेंट वॉशपासून गॅस करतात आणि तो बॉयलरला जाळतात. त्यानं बीओडीचा मोठा भाग कमी होतो. उरलेलं पाणी आटवतात, बॉयलरमध्ये जाळतात किंवा कारखान्यातल्या प्रेसमडमध्ये मिसळून खत करतात. पण गॅस काढल्यावरही काळा रंग राहतो. तो कसा काढायचा, स्वस्तात कसा काढायचा, यावर अजून संशोधन चालू आहे. उसाचंच बघा. उसात साधारण ७० टक्के पाणी असतं. म्हणजे कारखाना ऊस गाळतो तेव्हा पाणीही आत येतं. ते साफ करून पुन्हा वापरलं तर नदीतून कमी उचलावं लागेल. असे प्रश्न सोडवणं म्हणजे हे संशोधन.

आता गटाची गोष्ट. मुलगी बारावी पास झाली. तिला बीएस्सी केमिस्ट्री करायचं होतं, पुढं पर्यावरण शास्त्र. घरात वाद सुरू झाला. वडील हंगामात कारखान्यात कामाला. ते म्हणाले, “ज्याचं मीठ खातो त्याच्याविरुद्ध शिकायला पोरगी पाठवू?” आजी म्हणाली, “रसायनात हात घालणारी पोरगी, स्थळं कशी यायची?” काकू काहीच बोलल्या नाहीत. बैठकीत येऊन त्यांनी फक्त अर्ज ठेवला: वसतिगृहासाठी २५ हजार रुपये.

पेटीत तेव्हा ६० हजारांच्या आसपास होते. एका वहिनींनी स्पष्ट विरोध केला. त्या म्हणाल्या, “शेळीला कर्ज दिलं तर वर्षात करडं दिसतात. शिक्षणाला दिलं तर काय दिसणार? आणि आम्हाला बियाण्याला पैसे कुठून आणायचे?” त्यांचं चुकत नव्हतं. पेरणी तोंडावर होती. दोन बैठका यावरच गेल्या. शेवटी तोडगाही त्याच वहिनींनी काढला. १५ हजार आता, १० हजार पेरणीनंतर, व्याज महिन्याला शेकडा एक रुपया. आणि एक अट: प्रत्येक सुट्टीत मुलीनं गटात येऊन जे शिकली ते आम्हाला सांगायचं. ठराव झाला, अंगठे आणि सह्या झाल्या.

मुलीनं वडिलांना एकच सांगितलं, “अण्णा, मला कारखाना बंद करायचा नाही. मला आपली विहीर परत पाहिजे.” अण्णा काही बोलले नाहीत. पण जाताना एसटीत पेटी त्यांनीच चढवून दिली.

ती बीएस्सी झाली, मग पर्यावरण शास्त्रात एमएस्सी. मध्ये सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्या वर्षी गणितात विषय राहिला. एमएस्सीनंतर एका खासगी प्रयोगशाळेत लागली, पगार कमी आणि काम कंत्राटी. हंगामात रात्री-अपरात्री नमुने आणायला जावं लागायचं. तिथं एकदा तिला सांगण्यात आलं, की नमुना आज आलाय, पण कालची तारीख टाक. तिनं नाही टाकली. आम्हाला फोन करून म्हणाली, “गटाच्या वहीत एक रुपया चुकला तर तुम्ही रात्री बारापर्यंत बसता. मी तारीख कशी खोटी टाकू?” ती नोकरी पुढं तिनं सोडली. सहा महिने घरी होती. त्या सहा महिन्यांत गावात काय काय बोललं गेलं ते सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

त्याच सहा महिन्यांत आमच्या भागात डिस्टिलरी वाढवायची लोकसुनावणी लागली. २००६ च्या नियमानुसार अशा प्रकल्पांना आधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर बसतात. तिथं आपण बायकांनीही बोलू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मुलीनं अहवाल वाचला आणि आम्हाला एकच प्रश्न पाठ करून दिला. सुनावणीला मंडप भरलेला, पुढं सगळे पुरुष. काकू उठल्या. आवाज थरथरत होता. त्यांनी विचारलं, “ज्या विहिरी तपासल्या त्यांच्या यादीत तळ्याच्या खालच्या अंगाची आमची विहीर का नाही?” मंडपात शांतता झाली. ना घोषणा, ना शिवी, पण तो प्रश्न लिहून घ्यावा लागला. सुनावणी संपताना झालेलं कामकाज मराठीत वाचून दाखवावं लागतं. काकूंचं म्हणणं त्यात आहे का, ते आम्ही कान देऊन ऐकलं. होतं.

पुढं त्या बाजूच्या तीन विहिरी तपासणीच्या यादीत आल्या आणि जुन्या तळ्याचं अस्तर नव्यानं झालं. विहीर आज कशी आहे? खरं सांगतो. रंग बराच उतरला आहे. कापडं धुता येतात, म्हैस पाणी पिते. माणसं अजून पीत नाहीत. जमिनीत गेलेलं लवकर बाहेर येत नाही.

आणि मुलगी? तिनं नेटची परीक्षा दिली. दुसऱ्या प्रयत्नात फेलोशिप मिळाली. आता ती पीएचडी करते. विषय, डिस्टिलरीच्या पाण्यानं रंगलेलं भूजल. २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. गटाचं कर्ज तिनं कधीच फेडलं. ज्या वहिनींनी विरोध केला होता त्यांची नात यंदा अकरावी सायन्सला आहे.

मैत्रिणींनो, आता ज्यांच्या मुलींना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. कागद-पेन घ्या.

दहावीनंतर सायन्स घ्यायचं. केमिस्ट्री पक्की पाहिजे. बारावीनंतर दोन वाटा. एक, बीएस्सी: केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरण शास्त्र, आणि पुढं एमएस्सी. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ इथं पर्यावरण शास्त्राचं शिक्षण आहे. दुसरी वाट इंजिनिअरिंगची: सिव्हिल, केमिकल किंवा पर्यावरण. संशोधनासाठी नेट किंवा गेट परीक्षा द्यावी लागते.

नोकरीची दारं चार. पहिलं, कारखान्यातच. सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट चालवायला केमिस्ट लागतात. साखर आणि डिस्टिलरी हे जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांत मोडतात, त्यांना पाण्यावर सतत लक्ष ठेवणारी यंत्रं बसवावी लागतात. ती सांभाळायलाही माणूस लागतो. दुसरं, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे १९७० सालापासून आहे. तिथं प्रयोगशाळेत आणि क्षेत्र अधिकारी म्हणून पदं असतात. भरती रोज निघत नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवायचं आणि पात्रता नीट वाचायची. तिसरं, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा. चौथं, संशोधन संस्था. आपल्या नागपुरात नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्यानं कमी करायची नालगोंडा पद्धत या संस्थेनंच तयार केली. साधं, गावात करता येईल असं संशोधनही असतं, हे लक्षात ठेवा.

पैशाचं म्हणाल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरा. २०२४-२५ पासून इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणात, ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. दाखले आधीच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही.

कुणी म्हणेल, हे काम बायकांचं नाही. तर एक गोष्ट सांगा. अमेरिकेत एलेन स्वॅलो रिचर्ड्स नावाच्या बाई होत्या. १८७३ मध्ये एमआयटी या मोठ्या संस्थेतून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८८७ पासून त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या-विहिरींचं पाणी तपासायचं मोठं काम केलं, हजारो नमुने. आणि घर चालवण्याचं शास्त्र शिकवायचं, हेही त्यांनीच पुढं आणलं. पाणी भरणारीनंच पाणी तपासावं, यात नवल ते काय?

ज्यांच्या घरी शिकणारी मुलगी नाही त्यांनीही हात झटकू नका. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीत विचारा: आपल्या गावच्या पाच जणी कोण? किट कुठं आहे? किट कपाटात बंद असेल तर बाहेर काढा. गटाच्या वहीत एक पान पाण्याचं ठेवा: तारीख, विहीर, रंग, वास. आम्ही चार वर्षं ठेवतोय. सुनावणीला ते पान कामाला आलं.

भोपाळला १९८४ मध्ये वायूनं हजारो माणसं गेली, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. पाण्याचा कायदा त्याच्याही आधीचा, १९७४ चा. कायदे आहेत. पण कायद्याला आकडा लागतो, आकड्याला नमुना लागतो, आणि नमुना खरेपणानं भरणारा हात लागतो. तो हात आपल्या लेकीचा असू शकतो.

कर्ज मागायला पुढच्या बैठकीत कुणी शिक्षणाचा अर्ज ठेवला, तर लगेच नाही म्हणू नका. दोन बैठका घ्या, वाद घाला, पेरणीचंही बघा. पण अर्ज परत करू नका.

पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.